दोन कलावती आणि एक डिस्चार्ज बुक

केमहून सोलापूरला रेल्वेनं दोन तास लागतात. मला पंचेचाळीस वर्षं लागली. हे लिहितोय ते माझ्यासारख्या निवृत्त फौजींसाठी, ज्यांच्या ट्रंकेत एखादा चुकीचा कागद पडून आहे आणि जे ट्रंक उघडायला भितात. मी नुकताच जाऊन आलोय. भीती गेली का विचाराल, तर नाही गेली. पण कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, एवढं तरी कळलं.

आधी चूक सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. माझं लग्न झालं तेव्हा मला फौजेत चार वर्षं झाली होती. मुलगी अक्कलकोटच्या पुढची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची. नाव महादेवी. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं. मी लिहिलं, कलावती. फौजेच्या कागदांतही माझी बायको म्हणून कलावतीच लागली. दीड वर्षानं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथंच बाळासकट गेली.

तार मिळाल्यावर मी दोन महिन्यांच्या रजेवर आलो. रजा संपायच्या आत थोरल्यांनी तिच्या धाकट्या बहिणीशी माझं लग्न लावून दिलं. तिचं नाव भौरम्मा. पुन्हा ताट आलं, पुन्हा तांदूळ आले. काय लिहू म्हणून मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, घरातलं नाव मोडू नको, तेच लिही. मी तेच लिहिलं. मग आईनं महादेवीच्या नावानं चांदीचा टाक, म्हणजे गेलेल्या माणसाचा चेहरा उठवलेला छोटा पत्रा, करून आणला आणि दुसरेपणावर आलेल्या बायकोनं घालायचा म्हणून हिच्या गळ्यात घातला. पंचेचाळीस वर्षं तो मंगळसूत्राशेजारीच आहे.

पलटणीत परत गेलो तेव्हा कुठं काही कळवायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. घरातली कलावती गेली होती आणि घरात कलावती आली होती. नाव तेच, मग कागदात बदलायचं काय? मी दहावी पास होतो आणि तरीही मला हे अगदी बरोबर वाटलं. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, कागद तसाच राहिला. पुढं आधार कार्डाचं शिबिर आलं. बायकोकडं माहेरच्या शाळेचा चौथीचा दाखला होता, त्यावरून तिच्या कार्डावर भौरम्मा आली. तेही आम्ही हसण्यावारी नेलं.

गेल्या वर्षी बार्शीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीत स्टेंट बसवला. दवाखान्यात छताकडं बघत पडलो होतो, आणि तिथं मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी गेल्यावर पेन्शन कलावतीच्या नावानं निघणार. ही खिडकीशी जाणार, आतला माणूस कार्ड मागणार, त्यावर भौरम्मा असणार. तो म्हणेल, बाई, तुम्ही कोण? आणि ही पिशवी उचलून घरी येणार. डोळे मिटले की मला हे रोज दिसायचं.

सोमवार, केम ते सोलापूर

सकाळच्या गाडीत जागा मिळाली. बायकोनं धपाटे बांधून घेतले होते आणि पिशवीत कुंकवाची दोन पाकिटं टाकली होती. आमच्या केममध्ये कुंकू तयार होतं, गल्लीतून नुसतं जाऊन आलं तरी टाचा लाल होतात. पाहुण्याला काय न्यावं हा प्रश्न आम्हाला कधी पडत नाही. पण आम्ही कुणा पाहुण्याकडं निघालो नव्हतो. कुंकू कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, असू द्या.

कुर्डुवाडीपर्यंत मी मनातल्या मनात बोलायची तालीम केली. मोहोळ येईस्तोवर सगळी विसरलो. खिडकीबाहेर ऊस होता, ज्वारीची रानं होती, पण माझं लक्ष मांडीवरच्या पिशवीकडं. आत फौजेतून निघताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, दोघांची आधार कार्डं आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. ती निवांत धपाटा खात होती. नावं जुळवून घ्यायची आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

सोलापुरात उतरलो की उन्हाचा तडाखा आधी कपाळाला बसतो. स्टेशनबाहेर रिक्षा केली. सैनिकांच्या कार्यालयात जायचंय म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "चाचा, कागजां बराबर है ना? नै तो उनो वापस भेजते." माणूस काळजीनंच बोलला, पण मी पिशवी उघडून झेरॉक्स पुन्हा मोजल्या.

कार्यालयात बाकावर माझ्यासारखेच पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. एरवी फौजी भेटले की पहिला प्रश्न, कुठली पलटण, आणि मग तासभर गप्पा. तिथं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नंबर आला तसा मी पिशवी घेऊन उठलो. टेबलापलीकडं एक निवृत्त सुभेदार होते. पिकलेल्या मिशा, जाड चष्मा, आवाज खालचा. सगळे त्यांना सुभेदार साहेब म्हणत होते. त्यांनी डिस्चार्ज बुक उघडलं, आधार कार्ड शेजारी ठेवलं, एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघितलं.

"हवालदार, ही कलावती कोण आणि भौरम्मा कोण?"

मी सांगायच्या आत त्यांनीच नीट समजावून सांगितलं. बाई एकच असेल आणि नावं दोन, तर काम सोपं आहे. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करायचं, दोघांनी सही करायची, ते पुढं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. पण बाया दोन असतील, तर पहिलीच्या मृत्यूचा दाखला लागेल, दुसऱ्या लग्नाचा पुरावा लागेल, आणि इतकी वर्षं का कळवलं नाही याचा लेखी जबाब द्यावा लागेल. त्यावर रेकॉर्ड ऑफिस काय करील हे सांगता येणार नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. "तर सांगा. बाई एक का दोन?"

इतकी वर्षं मी फौजेला फसवत होतो, असं त्या एका प्रश्नानं मला वाटून गेलं. पेन्शन थांबवतील, चौकशी लावतील, गावात कळेल, जावयांना कळेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकच हाय, साहेब."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग खाली फरशीकडं बघत राहिली. साहेबांनी प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

कोर्टाजवळ लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटरवाले बसतात. मोकळा होता त्याला दोन्ही नावं सांगितली. त्याला विचारावंही लागलं नाही, बोटं आपोआप चालत होती. कलावती आणि भौरम्मा या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून तिचा माझ्याशी विवाह अमुक साली झाला. साल पहिल्या लग्नाचं घातलं, कारण कागदात तेच आहे. मी सही केली आणि कागद हिच्यापुढं धरला. हिचं शिक्षण चौथी, पण वाचते. एकेका शब्दाखालून बोट सरकवत तिनं पूर्ण वाचलं. टाइपरायटरवाला पेन पुढं करून थांबला होता.

"ह्यात अक्का कुटं हाय?" तिनं विचारलं. अक्का म्हणजे थोरली बहीण. महादेवीला ती अक्काच म्हणायची.

मी म्हणालो, हे नुसतं कागदापुरतं आहे. टाइपरायटरवाल्यानंही सांगून बघितलं, मावशी, सगळी अशीच करत्यात. तिनं पेन त्याच्या डबीत ठेवलं आणि पिशवी उचलून चालायला लागली. मी मागून गेलो. रस्त्यातच मला राग आला आणि मी नको ते बोललो. म्हटलं, खरं सांगितलं तर पेन्शन जाईल, मी उद्या मेलो तर तू खाणार काय? ती थांबली. ऊन डोक्यावर होतं, तरी तिनं पदर घेतला नव्हता.

"तुमी गेल्यावर मी कशी बी ऱ्हाईन," ती म्हणाली. "पर अक्काच्या जाग्यावर पयल्यापास्नं मीच व्हते, असं सही करून सांगणार न्हाय. मग ती झालीच न्हाय म्हणायची की."

तिचा आवाज चढला नव्हता. सैनिकांच्या विश्रामगृहात खोली घेतली. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागवली. सोलापूरची शेंगाचटणी म्हणजे तेल सुटलेली, लालभडक, आमच्या घरच्या चटणीहून दुप्पट तिखट. एरवी मी दोन वेळा मागून घेतली असती. त्या दिवशी ताट तसंच बाजूला सारलं. छाती जड झाली तशी मी जिभेखाली गोळी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडलो. आत्ता, या खोलीत, मला काही झालं, तर ही बाई कागदावर माझी कुणीच नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता. तिनं माझे पाय चेपून दिले. चेपता चेपता म्हणाली, उद्या माझ्या गावाला जाऊ, अक्काची नोंद बघू.

मंगळवार, अक्कलकोटच्या पुढं

अक्कलकोटपर्यंत एसटी, पुढं दुसरी एसटी. दुसऱ्या गाडीत गर्दी. शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात ताकाची किटली होती. खड्ड्यात गाडी आदळली आणि अर्धी किटली माझ्या पिशवीवर. डिस्चार्ज बुकातून ताक ठिबकायला लागलं. मला रडूच येणार होतं. ती बाई कानडीतून माफी मागत होती, आणि माझी बायको तिला कानडीतूनच काहीतरी सांगत एकेक पान पदरानं टिपत होती. दोघी हसल्या. काय बोललात विचारलं, तर म्हणाली, तिला सांगितलं, ह्यांचा कागद तसाबी आंबलेलाच हाय.

माहेरच्या फाट्यावर उतरलो आणि माझी बायको बदलली. आमच्या गावात ती हळू बोलते, कमी बोलते. इथं वेशीपासूनच आवाज चढला. ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायका तिला बघून ओरडल्या, भौरम्मा, भौरम्मा. ती प्रत्येकीला ओ देत, गालावरून हात फिरवत पुढं गेली. मी पिशवी घेऊन मागं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, शेकडो वेळा या गावाला आलो, पण इथं कलावती नावाची कुणी बाई कधी राहतच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

तिचा भाऊ मल्लिनाथ घरी होता. येण्याचं कारण ऐकून त्यानं आधी पाट मांडले. जेवायला खपली गव्हाची हुग्गी होती, वर तूप. आमच्याकडं अशी खीर सणालाच. इथं जावई आला की करतात, मग तो सत्तरीचा का असेना. मल्लिनाथ ऊटा माडरी, म्हणजे जेवा, जेवा, म्हणत वाढत राहिला, आणि मी त्याच्या मानासाठी खाल्लं. पुढं काय सापडतंय किंवा सापडत नाही, याच्याच धास्तीत होतो. नोंद नसली तर खरं सांगायची सोय नाही. नोंद असली तर खोटं सांगायची सोय नाही.

ग्रामपंचायतीत ग्रामसेविका बाई होत्या, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी जुनं कपाट उघडलं तर वाळवीची माती खाली पडली. मृत्यूची रजिस्टरं काढली. त्या वर्षाच्या रजिस्टराचा खालचा कोपरा खाल्लेला होता. बाई एकेक पान जपून उलटत होत्या. मी खुर्चीवर बसलो होतो. मल्लिनाथ दारात उभा. फक्त हीच बाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि तिनंच बोट ठेवलं.

महादेवी. वडिलांचं नाव. वय एकोणीस. कारण, बाळंतपण. खालच्या ओळीत, मूल, नाव नाही. आणि शेवटच्या रकान्यात कुणीतरी निळ्या शाईनं लिहून ठेवलं होतं, नवरा मिलिटरीत.

तो नवरा मी. ती गेली तेव्हा मी बर्फात चौकीवर होतो आणि तार पोचायला नऊ दिवस लागले होते. हे मी कधी कुणाशी बोललो नाही. ग्रामसेविका बाईंनी दाखला करून देते म्हटलं, आणि मी सगळ्यांसमोर रुमाल तोंडाला लावून बसलो. रडलो ते महादेवीसाठी. पण खोटं सांगतोय असं होऊ नये म्हणून लिहितो, त्यात भीतीही होती. आता परत फिरायला वाट नव्हती.

परतीच्या गाडीला वेळ होता. तिनं मला शेतावर नेलं. बांधाच्या कडेला, जिथं अक्काला मातीत ठेवलं, तिथं एक दगड आहे. तिनं केमचं पाकीट फोडून दगडाला कुंकू लावलं आणि कानडीतून काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस, असं मी विचारलं. "सांगितलं तिला," ती म्हणाली, "उद्या तुजं नाव लावून येते."

बुधवार, पुन्हा तेच टेबल

सुभेदार साहेबांनी मला ओळखलं. प्रतिज्ञापत्रासाठी हात पुढं केला. मी त्यांच्या हातात मृत्यूचा दाखला दिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि दाखला टेबलावर ठेवला.

"परवा तुम्ही एकच म्हणालात, हवालदार."

"भ्यालो, साहेब."

मग त्यांनी विचारलं, दाखल्यात महादेवी आहे, आमच्या कागदात कलावती आहे, या दोघी एकच हे कशावरून धरायचं? लग्नाचा फोटो नाही, पत्रिका नाही. सगळं इथंच संपलं असं वाटून मी पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात हिनं गळ्यात हात घालून टाक बाहेर काढला. झिजून त्यावरचं नाक-डोळं पुसट झालंय. तो तिनं टेबलाच्या कडेवर, दोरीसकट, पुढं वाकून टेकवला. "ही माजी अक्का," ती म्हणाली. "हिच्यामागनं मी आले. सासूनं दोगींला बी कलावतीच केलं."

साहेबांनी टाकाला बोट लावलं नाही. पण चष्मा सारखा करून वाकून बघितलं. आपली धाकटी चुलती असा टाक घालायची, जेवायला बसली की आधी त्याला घास दाखवायची, असं ते हळूच म्हणाले. मग खुर्ची मागं सारून आतल्या अधिकाऱ्यांकडं गेले. दार बंद झालं. किती वेळ गेला माहीत नाही. भिंतीवरच्या पंख्याचं डोकं इकडून तिकडं फिरत होतं, आणि तो आमच्याकडं वळला की प्रत्येक वेळी दाखला उडू नये म्हणून मी हात ठेवत होतो.

साहेब बाहेर आले ते कोरा कागद घेऊन. म्हणाले, झालं तसं सगळं लिहून काढा, का कळवलं नाही तेही लिहा. भावाचं आणि गावातल्या दोघा जुन्या माणसांचं प्रतिज्ञापत्र मागवून जोडू. मी विचारलं, पेन्शन थांबेल का? ते म्हणाले, "मी शब्द देऊ शकत नाही. जबाब मागतील, अजून कागद मागतील. पण खोटं प्रतिज्ञापत्र गेलं असतं आणि तुम्ही गेल्यावर कुणी त्यावर बोट ठेवलं असतं, तर बाईंच्या हातात काहीच राहिलं नसतं." मग त्यांनी अर्ज पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि बायकोचं नाव विचारलं.

मी बोलणार, तोवर हीच बोलली. "पयली महादेवी. दुसरी मी, भौरम्मा."

"आणि कलावती?"

तिनं जरा विचार केला. "ती दोगींची व्हती."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. दोन्ही ओळींच्या शेवटी ऊर्फ कलावती असं लिहिलं आणि पहिल्या ओळीपुढं मयत. मी सही केली. मग तिनं केली. चौथीतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. भौरम्मा.

संध्याकाळच्या गाडीनं केमला उतरलो. ती पिशवी घेऊन पुढं चालली होती. आमच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारत नाहीत, मीही अगं नाहीतर ऐकलं का एवढंच म्हणत आलो. पण माझं कारण तेवढंच नव्हतं. कलावती म्हटलं तर आपण कुणाला हाक मारली, ते माझं मलाच कळलं नसतं. प्लॅटफॉर्मवर मी म्हणालो, भौरम्मा. ती चालत राहिली. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणालो तेव्हा ती थांबली, पण वळली नाही.

"कागद यिऊ द्या आदी," म्हणाली.

दोन महिने झाले, पत्र आलेलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की माझा हात खिशातल्या गोळीच्या डबीकडं जातो. जबाब मागतील, बोलावतील, थांबवतील, रोज काहीतरी नवीन सुचतं. पण पत्र यायच्या आत मलाच काही झालं तर काय, ही भीती त्या सगळ्यांहून मोठी आहे. म्हणून मी थांबलो नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी अंगणातून हाक मारतो, भौरम्मा. पहिले काही दिवस तीन-तीनदा मारावी लागली. आता ती पहिल्या हाकेला ओ देते.